मंद आचेवर भाजलेले शेंगदाणे अधिक खमंग का होतात?

मोठ्या आचेवर झटपट भाजलेल्या शेंगदाण्यांना मंद आचेवरच्या दाण्यांसारखा खमंगपणा का येत नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे मुख्य कारण दाण्यातला ओलावा हे आहे.

खमंग वास कच्च्या दाण्यात दडलेला नसतो. तो भाजताना नव्याने तयार होतो. दाण्यात सुमारे निम्मे तेल, पाव भाग प्रथिने आणि थोडी साखर असते. उष्णतेने या साखरेतून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात, त्यांची प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांशी अभिक्रिया होते आणि त्यातून दाण्याचा तांबूस रंग व पायराझीन गटातील सुवासिक संयुगे निर्माण होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ही अभिक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे खरा वेग घेते. परंतु दाणा ओलसर असेपर्यंत उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि आतले तापमान १०० अंशांच्या आसपासच रेंगाळते. उकडलेल्या शेंगा कितीही वेळ शिजवल्या, तरी त्यांना भाजल्याचा वास येत नाही, तो याचमुळे.

मोठ्या आचेवर आतला ओलावा निघून जाण्याआधीच कढईला टेकलेली बाजू करपून कडवट होते आणि गाभा मात्र कच्चाच राहतो. भडभुंजे दाणे तापलेल्या वाळूत भाजतात, ही मला फार शहाणपणाची रीत वाटते, कारण तीत प्रत्येक दाण्याला सगळीकडून सारखी उष्णता मिळते. घरी मी जाड बुडाच्या लोखंडी कढईत, मंद आचेवर, सतत परतत दाणे भाजतो आणि सालावर विसंबून न राहता एखादा दाणा फोडून आतला रंग पाहतो. हवा तो रंग येण्याच्या किंचित आधीच दाणे परातीत पसरावेत. तापलेल्या कढईत ठेवले, तर गॅस बंद केल्यावरही ते भाजतच राहतात.

हा सुगंध मुख्यतः तेलात विरघळून राहतो आणि दाणा कुटल्यावर एकदम मोकळा होतो. मात्र कुटलेल्या दाण्यातल्या तेलाला हवा लागून ते लवकर खवट होते, म्हणून भाजलेले दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात अख्खे ठेवावेत आणि कूट लागेल तेवढेच करावे.