आठवा महिना लागलाय, ऑगस्टची तारीख आहे; बाळासाठी आधीपासून काय घ्यावं आणि किती घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की ३३ वा आठवडा चालू आहे, पहिलं बाळंतपण, पुण्यातच करायचं ठरलंय आणि तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली आहे. दुकानदाराने पन्नासेक वस्तूंची यादी हातात ठेवली आहे आणि सासूबाई म्हणताहेत की बाळ हातात येईपर्यंत घरात झबलंसुद्धा आणायचं नाही. मग नेमकं करायचं काय?

ताई, दुकानाची यादी बाजूला ठेवा आणि आधी एक हिशेब मांडा. बाळ दिवसाला किती कपडे ओले करतं आणि ते कपडे वाळायला किती वेळ लागतो, यावर तुमची निम्मी खरेदी ठरते. पहिल्या दोन-तीन दिवसांत शू थोडीच होते. दूध नीट उतरलं की पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा-आठ वेळा होते, शिवाय अंगावर पिणारं बाळ बऱ्याचदा प्रत्येक पिण्यानंतर थोडी थोडी शी करतं. म्हणजे दिवसाला दहा-बारा लंगोट धरून चाला. उन्हाळ्यात हे दोन तासांत वाळतात, वीस-बावीस लंगोटांत भागतं. तुमचं बाळ मात्र भर पावसात येणार. घरात दोरीवर, पंख्याखाली साधा लंगोट वाळायला अख्खी रात्र जाते आणि जाड दुपटं दुसऱ्या दिवशीही दमट लागतं. त्यामुळे तीन दिवसांचा साठा हवा, म्हणजे ३६ लंगोट. रात्री डायपर वापरणार असाल तर ३० पुरेत.

हे सगळे विकत घेऊ नका. घरातली जुनी सुती साडी किंवा धोतर काढा. पाचवारी साडीचे काठ आणि पदर काढून टाकले की २० इंचाचे साधारण १६ चौकोन निघतात, म्हणजे दोन साड्यांत बहुतेक काम झालं. चौकोन कर्णावर दुमडला की त्रिकोणी लंगोट तयार होतो, कापड आपोआप दुहेरी होतं आणि नवजात बाळाच्या कमरेला गाठ मारण्याइतकी लांबी मिळते. साडी खरंच सुती आहे का हे मात्र पारखून घ्या. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास येऊन जळतो आणि बोटाने चुरडली जाणारी राख होते. मिश्र धागा वितळतो आणि शेवटी टणक मणी उरतो. असं कापड पाणी शोषत नाही, ओलं अंगाला धरून ठेवतं आणि जांघेत लाल चट्टे उठतात. विकतचे मलमलचे लंगोट घेतलेच तर एक गोष्ट लक्षात ठेवा: नव्या कापडात खळ असते, तीन-चार धुण्यांशिवाय ते पाणी पीत नाही. रात्रभर भिजवून धुवा, मगच वापरा.

जुनं कापड वापरताना ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, ते म्हणजे ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या. साडी, गोधडी, चुलत-मावस भावंडांची झबली कपाटातून काढून तशीच बाळाला गुंडाळू नका. जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असलेल्या बाळांमध्ये या गोळ्यांच्या वाफेने रक्तपेशी फुटू शकतात आणि कावीळ धोकादायक पातळीला जाते. तुमच्या बाळात ते कमी आहे की नाही हे आधी कळणार नाही. म्हणून गोळ्या असलेल्या जागेतलं काहीही आत्ताच बाहेर काढा, दोनदा धुवा, मिळेल त्या उन्हात टाका आणि वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाच्या कपड्यांत मिसळू नका. बाळाच्या कपाटात तर गोळ्या नकोतच.

आता सासूबाईंचं म्हणणं. यावरून घरात वाद घालायची काहीच गरज नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत पाचवीपर्यंत किंवा बारशापर्यंत बाळाला जुनंच, वापरलेलं घालतात, आणि कापडाच्या दृष्टीने ते उत्तमच आहे. शंभर वेळा धुतलेलं सुती कापड नव्यापेक्षा मऊ असतं. त्यामुळे सासूबाईंनाच विचारा की जुन्या साड्या कुठल्या काढू या. लंगोट, दुपटी, जुनी झबली घरातूनच निघतील. नवीन जे लागेल त्याची माप आणि संख्या लिहिलेली चिठ्ठी नवऱ्याच्या किंवा बहिणीच्या हातात देऊन ठेवा. तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड कुठे पळून जात नाहीत, बाळ झाल्यावर तासाभरात सगळं आणता येतं. ३४ व्या आठवड्यानंतर सुजलेल्या पायांनी, पावसातल्या गर्दीत तुम्ही स्वतः तिथे तीन तास उभं राहावं, हे मला अजिबात पटत नाही.

चिठ्ठीत झबली आठ लिहा, नवजात मापाची चार आणि तीन महिन्यांच्या मापाची चार. पुढे नाड्या किंवा बटणं असलेली घ्या. डोक्यातून घालायचं झबलं पहिल्या महिन्यात मान सावरताना फार त्रास देतं आणि नाळेवर घासतं. नाड्या छातीवर असाव्यात. गळ्याशी दोरी, मोती, टिकल्या, लेस काही नको. मानेजवळची लेबलं उसवून टाका. दुपटी आठ: पाच मऊ सुती, तीन जरा जाड. टोपडी तीन, मोजे तीन जोड. मोजे आणि हातमोजे उलटे करून आतले सुटे धागे कापा. असा एखादा धागा पायाच्या बोटाला गुंडाळला की बोट सुजतं, बाळ रडत राहतं आणि मोजा काढेपर्यंत कोणाला कारण सापडत नाही. हातमोजे तर सारखे घालूच नका; भूक लागली की बाळ हात तोंडाकडे नेतं आणि ती खूण तुम्हाला दिसायला हवी. दोन मेणकापडं किंवा ड्राय शीट, दोन मऊ पंचे, नवजात मापाच्या डायपरचं एकच छोटं पाकीट. डायपरचं मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, बाळ काही आठवड्यांतच पुढच्या मापाला जातं.

लंगोट बेंबीच्या खाली बांधायचा. नाळ कोरडी राहिली की साधारण आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप गळते. तिच्यावर हळद, तेल, पावडर, राख काही लावायचं नाही. त्यामुळे यादीतली पावडर आत्ताच खोडा. तिचे बारीक कण श्वासातून फुप्फुसात जातात. काजळही खोडा, त्यात शिसं असू शकतं. दृष्ट काढायची असेल तर मीठ-मोहरीने काढावी, डोळ्यांत काही घालू नये. जन्मल्यावर मध चाटवायचा आग्रह धरणारं कोणीतरी घरात असतंच. त्यांना आधीच, शांतपणे सांगून ठेवा की वर्षाच्या आत मध द्यायचा नाही. मधातल्या बोटुलिझमच्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. घुटीचा संचही तूर्त नको. सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही.

अंथरुणाच्या बाबतीत दुकानदार सगळ्यात जास्त माल गळ्यात मारतो. गादी, लोड, उशी, मच्छरदाणी असा संच मिळतो. त्यातली मच्छरदाणी तेवढी कामाची. ती मात्र हवीच, कारण ऑगस्टमध्ये डेंग्यूचे डास असतात, ते दिवसा चावतात, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगाला लावायची डासांची मलमं चालत नाहीत. कॉईलचा धूरही नको. गादी घट्ट आणि सपाट हवी. तळहाताने दाबून हात उचला. खळगा तसाच राहत असेल तर ती गादी बाळासाठी मऊ आहे. बाळाला उताणं झोपवायचं, शेजारी उशी, लोड, मऊ खेळणं काही नाही. मोहरीची उशीही नको. डोकं गोल व्हावं म्हणून ती देतात हे मला माहीत आहे, पण झोपेत तोंड तिच्यात रुतायचा धोका खरा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या अशा उशांविरुद्ध इशारा दिला होता. बाळ जागं असताना, तुम्ही समोर बसलेल्या असताना त्याला पोटावर ठेवा आणि झोपवताना डोक्याची बाजू बदलत राहा. डोकं गोल व्हायला तेवढं पुरतं.

साडीच्या झोळीत नवजात बाळाला झोपवू नका. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बारशाला पाळणा लागेल तो नात्यातल्या कोणाकडून तरी मागून आणा. मात्र आणल्यावर कड्या ओढून बघा आणि दांड्यांमधली फट मोजा. सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. दुपट्यात गुंडाळताना हात आवळलेले चालतील, पण पाय बेडकासारखे दुमडून बाहेर पसरता आले पाहिजेत. पाय सरळ ताणून करकचून बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही.

पाऊस आहे म्हणून स्वेटर, टोपडं, मोजे, वर गोधडी असं सगळं चढवायची चूक फार होते. तुम्ही जेवढं घातलंय त्यापेक्षा एक थर जास्त, एवढंच. बाळाचे हातपाय गार लागणं साहजिक आहे; मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक थर काढा. डिजिटल थर्मामीटर नक्की घ्या, कपाळाचा महागडा नको, काखेतला साधा चालतो. काखेत ९७.७ ते ९९.५ फॅरनहाईट हे ठीक. त्याच्या वर गेलं किंवा खाली आलं तर कपडे कमी-जास्त करून थोड्या वेळाने परत मोजा. तरी तसंच राहिलं, किंवा ताप १००.४ वर गेला, तर औषध स्वतःच्या मनाने न देता लगेच बाळाच्या डॉक्टरांकडे जायचं, रात्र असली तरी.

बाटली, निपल, स्टरलायझर, ब्रेस्ट पंप यांतलं काहीही आत्ता घेऊ नका. गरज पडली तर डॉक्टर सांगतील आणि त्या दिवशी मिळेल. दूध पावडर आणि बाटली यांची जाहिरात करायला, त्यांवर सूट किंवा भेट द्यायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून कोणी ‘बाटलीवर एक फुकट’ म्हणालं तर ते दुकान नियम मोडतंय हे लक्षात घ्या. वॉकर, खेळण्यांचे संच, बाळाचे बूट, परफ्यूम, हे सरळ खोडून टाका. नातेवाईक ‘काय आणू’ म्हणून विचारतीलच. त्यांना सहा महिने ते वर्षाच्या मापाचे कपडे सांगा, नाहीतर बारशाला नवजात मापाचे वीस अंगरखे येतात आणि त्यातले पंधरा तसेच लहान होतात.

गाडीने माहेरी जाणार असाल तर बालआसन हा खर्च मी टाळू देणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन लागतं. पण कायद्याचं राहू द्या. धडक बसली तर मांडीवरचं बाळ कोणत्याही आईच्या हातात टिकत नाही. आसन मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर असं आसन कधीच ठेवायचं नाही.

तुमच्या स्वतःच्या वस्तू यादीत कुठेच नाहीत, असंच होतं नेहमी. पुढून उघडणारे तीन गाऊन, दूध पाजायच्या दोन ब्रा (३६ व्या आठवड्यानंतर माप घ्या, त्याआधी नको), लांब मॅटर्निटी पॅडची दोन पाकिटं, गडद रंगाच्या सुती चड्ड्या सहा, न घसरणाऱ्या चपला. रक्तस्राव कमी होत होत सहा आठवड्यांपर्यंतही चालू शकतो. पोटाचा पट्टा डॉक्टरांना विचारूनच.

कपडे ३५ व्या आठवड्यात धुऊन घ्या. साबण सौम्य, दोनदा खळबळणं, जंतुनाशक द्रव किंवा सुगंधी कंडिशनर नको, त्याचा अंश राहून पुरळ येतं. पावसात शेवटचा दमटपणा इस्त्रीने काढा, विशेषतः शिवणी आणि नाड्यांच्या गाठी. मग बारा लंगोट, चार झबली, तीन दुपटी, एक टोपडं आणि एक मेणकापड असा संच जुन्या साडीत बांधून दवाखान्याच्या पिशवीत ठेवा. त्याच पिशवीत फाईल, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, दोघांची आधार कार्डं आणि विम्याचे कागद. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते फाईलच्या वरच्या पानावर ठळक लिहा, म्हणजे बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत तुम्हाला द्यायचं इंजेक्शन कोणी विसरणार नाही.

३६ वा आठवडा संपेपर्यंत ही पिशवी दाराजवळ पाहिजे, आणि ती कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना माहीत पाहिजे. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पिशवी अर्धी भरलेली असली तरी तशीच उचलून निघा. राहिलेलं सामान मागाहून कोणीही आणून देईल.