वाचकांचे प्रश्न : इतिहासात एमए करायचंय, घरचे नको म्हणतात

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी पाटण तालुक्यातली, यंदा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले, फर्स्ट क्लास आहे पण मन त्यात रमत नाही. इतिहासाची आवड शाळेपासून, गडकिल्ले फिरते, खूप वाचते, म्हणून एमए इतिहास करायचं ठरवलंय. घरचे म्हणतात बीएस्सी होऊन आर्ट्सला कोण जातं, सगळं वाया घालवशील. मैत्रीण म्हणते एमए कर, एमपीएससीला पण उपयोगी पडेल. सायन्सवाल्यांना ॲडमिशन मिळते का, पुढे नोकरीचं काय, आणि आतापासून काय तयारी करू?
— एक वाचक, पाटण

उत्तर : ॲडमिशन मिळते. आपल्याकडच्या बऱ्याच विद्यापीठांत कुठल्याही शाखेचा पदवीधर एमए इतिहासाला चालतो, कुठे प्रवेश परीक्षा असते, कुठे आधी बीए इतिहासवाल्यांना जागा देतात आणि मग बाकीच्यांना, त्यामुळे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातली पात्रता नीट वाच. तुला जवळ कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आहे, नाहीतर पुणे, मुंबई आहेच. बाहेर जायची तयारी असेल तर जेएनयू, हैदराबाद, बनारस इथे सीयूईटी पीजी नावाच्या परीक्षेतून जाता येतं.

आता आवडीबद्दल. गड फिरणं, वाचणं हे छानच आहे पण एमएचा अभ्यास वेगळा असतो, तिथे काय घडलं यापेक्षा ते घडलं हे आपल्याला कशावरून कळलं हा प्रश्न मोठा असतो. एक उदाहरण देते. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ चा, म्हणजे इसवी सन १६२७ चा असं खूप वर्षं धरत होते, मग लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची साल-तिथीवार घटनांची यादी, उजेडात आणली, तिच्यात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद सापडली, आणि कवी परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी आहे. एक शकावली, एक संस्कृत काव्य, दोन वेगळ्या तऱ्हेची साधनं आणि तिथी एकच, म्हणून तिचं वजन वाढलं. शकात ७८ मिळवले तर येतं १६२९, पण फाल्गुनात इंग्रजी वर्ष बदललेलं असतं म्हणून मिळवायचे ७९, झालं १६३०. त्यातही १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख, आताच्या कॅलेंडरने तीच १ मार्च होते. सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ साली. हे सगळं वाचताना तुला अजून खोलात जावंसं वाटलं तर एमए तुझ्यासाठीच आहे, आणि कंटाळा आला असेल तर आवड आवडच राहू दे, त्यातही काही कमी नाही.

बीएस्सी वाया जाईल हे मला अजिबात पटत नाही, आणि हे घरच्यांना मुद्दाम वाचून दाखव. जुने कागद, तांब्याचे पट, नाणी, कापडं टिकवायची तर आर्द्रता, आम्ल, गंज, बुरशी हे सगळं कळावं लागतं, म्हणजे तुझी केमिस्ट्रीच की. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचं वेगळं केंद्र आहे, तिथे म्युझियमसंबंधी पदव्युत्तर डिप्लोमाही चालतो, आणि लखनौला तर सांस्कृतिक ठेव्याच्या जतनासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळाच आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एमए होतं, उत्खननात निघालेलं धान्य, हाडं, धातू तपासायला सायन्सची माणसं लागतात. इतिहास आणि रसायन दोन्ही येणारी मुलं आपल्याकडे फार कमी आहेत, तू त्यातली एक होऊ शकतेस.

नोकरीचं खरं सांगते, लपवून काय उपयोग. सीनियर कॉलेजला शिकवायचं तर एमएला निदान ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास पाहिजे. एवढं करूनही कायमची जागा लगेच मिळत नाही, कितीतरी चांगली मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काढतात, पगार उशिरा, सुट्टीत काहीच नाही, हे मी जवळून बघते आणि मला त्याचा राग येतो. ज्युनियर कॉलेजला एमएबरोबर बीएड लागतं. अर्काइव्हजचं, म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळायचं, काम आवडलं तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्याचं प्रशिक्षण मिळतं. म्हणून म्हणते, नुसत्या एमएच्या कागदावर भरवसा ठेवू नकोस, सोबत एक हातातलं कौशल्य घे.

ते कौशल्य म्हणजे मोडी, जुन्या मराठी कागदांची लिपी. आजपासून सुरू कर, ॲडमिशनची वाट बघू नकोस. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतले कागद ठेवलेत तिथे, रुमालांत बांधलेले हजारो गठ्ठे आहेत, बहुतेक सगळं मोडीत, आणि ते सराईतपणे वाचणारी माणसं थोडी. अक्षरं महिना-दोन महिन्यांत येतात, पण खरी अडचण पुढे, शब्द तोडलेले नसतात, प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं, आणि सालं अरबी शब्दांत लिहिलेली. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन (मराठी दप्तरात वापरायचे ती कालगणना) ११६१. हे वर्ष मृगाला बदलतं, त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६००, मग ११६१ चा जानेवारी म्हणजे १७६१ चा जानेवारी, पानिपताचा महिना. हे हाताला लागलं की कागद तुझ्याशी बोलायला लागतात, आणि घराण्यांचे कागद, जमिनीचे जुने दस्त वाचून द्यायचं कामही मिळतं.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर. यूपीएससीला इतिहास ऐच्छिक घेता येतो, दोन पेपर मिळून ५०० मार्क, एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झालीय. पण या परीक्षांना कुठलीही पदवी चालते, एमए लागत नाही. हॉस्टेल मिळावं, अभ्यासिका मिळावी म्हणून एमएला नाव घालणारी मुलं वर्गात येत नाहीत आणि परीक्षेच्या आधी गाईड पाठ करतात, त्यात दोन्हीकडे नुकसान. तुला परीक्षाच द्यायची असेल तर सरळ ती दे.

अजून एक. तू पाटणची आहेस. कोयना धरणात गावं गेली, माणसं पार रायगड, ठाणे, सोलापूरकडे वसवली, मग ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला. हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आता म्हातारी झालीत. एमएच्या रिसर्च प्रोजेक्टची वाट न बघता आत्ताच त्यांच्याशी बोल, परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड कर, तारीख, गाव, वय लिहून ठेव, जुन्या पावत्या, नोटिसा असतील तर फोटो काढ. दप्तरात सरकारचं म्हणणं मिळेल, घर सोडताना बाईने काय बरोबर घेतलं ते तिथे मिळणार नाही. हे काम उशिरा करता येत नाही गं.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा, बँकेत आहे, राहायला ठाण्याला. नोकरी सांभाळून इतिहासात एमए करता येईल का? या वयात त्याचा काही उपयोग आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : करता येईल. इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) एमए इतिहास कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पुरं करता येतं, माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, स्वाध्यायांना ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के वजन. मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ विभागातही एमए इतिहास आहे, ते तुम्हाला घराजवळ पडेल. स्वाध्याय शेवटच्या आठवड्यात कॉपी करून देऊ नका, लिहायची सवय तिथेच लागते.

उपयोगाचं म्हणाल तर तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्या विद्यार्थ्यांकडे नसते, तुम्हाला हिशेब वाचता येतो. पेशवाईच्या रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी), जमाखर्च, सावकारांच्या वह्या यांना आमची मुलं घाबरतात आणि लढायांकडे पळतात. व्याज कसं लागलं, वसूल कुठे तुंबला, कर्ज कुणी फिरवलं हे तुम्हाला एका नजरेत दिसेल. आर्थिक इतिहासाचे पेपर घ्या, मोडी शिका, तुमची आम्हाला गरज आहे.

प्रश्न : मी गोव्यात एमए करतोय, डिझर्टेशनला 'पोर्तुगीजकालीन गोवा' विषय घ्यायचाय, सर म्हणतात मोठा आहे. काय करू?
— एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : सर बरोबर म्हणतात. १५१० ते १९६१, साडेचारशे वर्षं, ती एका डिझर्टेशनमध्ये कशी मावणार? एक गाव, एक कर, एक दशक घे. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची, तिथे लिस्बनहून मोसमी वाऱ्यावर येणाऱ्या जहाजांच्या पत्रव्यवहाराचे खंडच्या खंड आहेत, शिवाय गावकारीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या मूळ गावकऱ्यांच्या मंडळाच्या, वह्या. १५२६ चं फोरल (पोर्तुगीज सरकारची सनद) गावकारीबद्दलच आहे, तिथून तुझ्याच गावच्या कोमुनिदादीपर्यंत (गावकारीचंच पोर्तुगीज नाव) येता येईल. पोर्तुगीज येत नसेल तर आत्ता क्लास लाव, तोवर मराठीत पांडुरंग पिसुर्लेकरांनी काढून ठेवलेली मराठे-पोर्तुगीज संबंधांची कागदपत्रं वाच, त्यांनी आयुष्य त्या दप्तरात घालवलं. सरांकडे पुन्हा जाताना नुसता विषय नेऊ नकोस, आधी दप्तरात बसून आपल्याला वाचता येतील असे पाच-सहा कागद शोध, त्यांची टिपणं काढ आणि ती घेऊन जा.