वाचकांचे प्रश्न : तिबिलिसीत जेवायला बसताना

प्रश्न : आमची मुलगी जॉर्जियात तिबिलिसीला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला आहे. ऑक्टोबरात आम्ही दोघं प्रथमच तिच्याकडे जातोय. तिच्या वाढदिवसाला ती आम्हाला तिथल्या जुन्या पद्धतीच्या जॉर्जियन रेस्टॉरंटमध्ये नेणार आहे. आम्ही शाकाहारी, मला अंडं चालतं, ह्यांना नाही. ह्यांचं म्हणणं, 'तिथं सगळं मांसच असणार. खाकरे-थेपले बांधून नेऊ आणि जेवायला इंडियन हॉटेल शोधू.' हे ऐकून मुलगी हिरमुसली आहे. तिथं आम्हाला खरंच काही खाता येईल का? मागवायचं कसं? आणि वाइनला नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं का?
— एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : ताई, खाकरे जरूर न्या; प्रवासात आणि सकाळच्या चहाला उपयोगी पडतील. वाढदिवसाच्या जेवणाला मात्र ते खोलीवरच राहू द्या. माझी भाची तिबिलिसीतच शिकली. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिथल्या तळघरांतल्या जुन्या रेस्टॉरंटांत मी पोटभर आणि आवडीनं जेवले आहे, आणि मीही मांस खात नाही.

भाऊंना आधी एक गोष्ट सांगा. मांसाशिवाय जेवणं जॉर्जियात कुणाला नवीन नाही. तिथले बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. त्यांच्यात बुधवार-शुक्रवारचे उपास असतात, ईस्टरच्या आधीचे सात आठवडे असतात, शिवाय २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी हा नाताळाआधीचा मोठा उपास, कारण त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. या दिवसांत मांस तर नाहीच, दूध, चीज, अंडंही वर्ज्य. सगळेच काही हे पाळत नाहीत, पण अक्रोड, राजमा, वांगी, पालक, बीट, मका यांवर उभा असलेला तो स्वयंपाक बारा महिने मिळतो. अशा पदार्थाला तिथं 'समारख्वो' म्हणतात. भाऊंना हा शब्द पाठ करायला सांगा. नुसतं शाकाहारी म्हटलंत तर त्यात चीज-अंडं असू शकतं; समारख्वो मागितलंत की तोही प्रश्न मिटतो.

आता मागवायचं काय? आपापली वेगळी ताटं मागवू नका. पदार्थ टेबलाच्या मधोमध ठेवायचे आणि सगळ्यांनी त्यातून घ्यायचं, ही तिथली रीत. जे आधी तयार होईल ते आधी येतं, म्हणून भाकरी आली आणि भाजी नाही आली तर वेटरवर चिडू नका.

सुरुवात फ्खालीनं करा. पालक किंवा बीट उकडून, पिळून, बारीक चिरतात. त्यात अक्रोड, लसूण, कोथिंबीर आणि व्हिनेगर वाटून कालवतात आणि गोळे करून वर डाळिंबाचे दाणे लावतात. वांग्याचे लांब पातळ काप तळून त्यात हेच अक्रोडाचं वाटण भरलं की झाले बद्रिजानी. ही दोन्ही थंडच वाढतात, तेव्हा गरम करून आणा असं सांगू नका. मला विचाराल तर जॉर्जियन स्वयंपाकाची सगळी बुद्धी या अक्रोडाच्या वाटणात आहे. तेल-तिखटाचा मारा नाही, तरी चव भरदार. लसूण मात्र जवळजवळ सगळीकडे असतो, चातुर्मास पाळत असाल तर हे लक्षात असू द्या.

मग लोबिओ. मातीच्या मडक्यात गरमागरम राजमा, सोबत मक्याची जाड भाकरी म्हणजे मचादी, आणि जोंजोली नावाच्या फुलांच्या कळ्यांचं लोणचं. इथं सावध राहा. राचा नावाच्या डोंगराळ भागाच्या पद्धतीचं लोबिओ डुकराचं धुरावलेलं मांस घालून करतात, आणि राजमा भरलेल्या लोबिआनी या भाकरीचंही तसंच. म्हणून 'उखोर्त्सोद', म्हणजे बिनमांसाचं, असं एकदा विचारूनच घ्या. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरचीचं अजापसंदालीही भाऊंना चालेल.

चीज भरलेली खाचापुरी तुम्ही खाल्लीच पाहिजे. इमेरेती भागाची ती गोल आणि बंद, सामेग्रेलोची ती वरूनही चीज घातलेली, आणि काळ्या समुद्राकाठच्या अजारियाची नावेच्या आकाराची, जिच्यात वरून कच्चं बलक आणि लोणी घालून देतात. ते गरम चीजमध्ये पटकन ढवळायचं आणि नावेच्या कडा तोडून त्यात बुडवून खायच्या. ही तुमच्यासाठी. भाऊंना गोल खाचापुरीही बिनचौकशीची देऊ नका. सारणात बऱ्याचदा अंडं फेटलेलं असतं, वरून लावलेलंही असतं. शिवाय चीजसाठी दूध साकळायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरायची जुनी रीत आहे. भाऊंना तेही नको असेल तर त्यांच्यापुढे समारख्वोच येऊ द्या, त्यांचं पान मुळीच रिकामं राहणार नाही.

खिंकाली, म्हणजे सारण भरून शेंडी काढलेले, मोदकासारखे दिसणारे आणि पाण्यात उकडलेले गोळे, मुलगी नक्की मागवेल. आपल्याला बटाट्याची किंवा मशरूमची. शेंडीला धरून हातानं खायची, काटा लावायचा नाही, आणि शेंडीचं घट्ट पीठ ताटात ठेवून द्यायचं. नगावर मागवतात, एका प्रकारचे अमुक नग घ्यावेच लागतील, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. मांसाची खिंकाली त्याच पाण्यात उकडतात का, हे विचारायला संकोचू नका. खार्चो आणि चाशुशुली ही नावं दिसली तर ती बहुधा गोमांसाची असतात.

वाइनचं म्हणाल तर तिथं तो मानाचा विषय आहे. मातीचे मोठे रांजण, क्वेव्री, जमिनीत पुरून त्यात वाइन करण्याच्या पद्धतीला २०१३ साली युनेस्कोनं जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत द्राक्षवाइनचे अंश तिथं सापडले आहेत. तरी रेस्टॉरंटमध्ये तुम्हाला कुणी भरीस घालणार नाही. नाशपातीचं सरबत किंवा तारखुना या सुगंधी पाल्याचं हिरवंगार सरबत मागवा. शेजारच्या टेबलावरून कुणी तुमच्या मुलीसाठी पेला उंचावला तर तुम्हीही सरबताचा ग्लास उचला आणि 'गाउमार्जोस' म्हणा. भाचीच्या मित्रमंडळींत मी हेच केलं आणि त्यांनी प्रेमानं माझा ग्लास पुन्हा भरला. बोर्जोमी हे तिथलं बाटलीतलं खनिज पाणी खारट लागतं, पहिल्या घोटालाच नाक मुरडू नका. बिलात बऱ्याच ठिकाणी सेवाशुल्क वेगळं लावतात. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं, आधीच पाहून ठेवा.

आणि ताई, मागवायचं काम मुलीला करू द्या. परक्या गावात ती एकटी राहिली, तिथली भाषा शिकली, कुठं काय चांगलं मिळतं हे शोधून काढलं. त्या रात्री तिला आईवडिलांना स्वतःच्या गावात जेवू घालायचं आहे. तिला इंडियन हॉटेलात नेऊन बसवू नका. भाऊंना काय चालत नाही ते आजच तिला नीट लिहून पाठवा, म्हणजे ती रेस्टॉरंटला आधी फोन करून ठेवेल.

प्रश्न : मुलगा तिबिलिसीहून सुट्टीत आलाय आणि सारखं लोबिओ मागतोय. बडोद्यात ते जमेल का? तिकडचे मसाले इथं मिळत नाहीत.
— एक आई, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : छान जमेल. राजमा रात्री भिजवून अगदी मऊ शिजवा, निम्मा घोटा, निम्मा अख्खा ठेवा. कांदा तेलावर परतून त्यात राजमा घाला. लसूण, धणे, सुकी लाल मिरची आणि मीठ खलबत्त्यात कुटून मिसळा, हवे तर चार अक्रोडही कुटा. तिकडे निळ्या फुलांच्या मेथीची पूड वापरतात; तिच्याऐवजी चिमूटभर कसुरी मेथी चालेल. शेवटी थोडं व्हिनेगर आणि भरपूर कोथिंबीर. हळद, जिरं, गरम मसाला नको, नाहीतर तो आपला राजमाच होईल. मचादीसाठी मक्याचं पीठ मीठ-पाण्यात मळून आपल्या मकाईच्या रोटल्यासारखं, पण लहान आणि जाड थापा आणि मंद आचेवर झाकून दोन्ही बाजूंनी भाजा. लोबिओ मुरल्यावर अधिक चांगलं लागतं, तेव्हा रविवारी दुपारी हवं असेल तर शनिवारी रात्रीच करून ठेवा, कोथिंबीर तेवढी वाढताना घाला.