एआयने चुकीचा निर्णय दिला तर जबाबदार कोण? "शेवटची सही माणसाचीच" हा नियम पुरेसा आहे का?

नाही, पुरेसा नाही. ती सही करणारी मी होते, म्हणून सांगते.

एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात मी बरीच वर्षं काढली. आधी फाईल हातात यायची. नंतर ती स्क्रीनवर यायला लागली आणि वरच्या कोपऱ्यात सिस्टिमचं मत आधीच आलेलं असायचं: मंजूर किंवा नामंजूर. पटलं तर एक क्लिक. नाही पटलं तर अकरा रकान्यांचा फॉर्म, प्रत्येकात कारण, आणि वर वरिष्ठांची परवानगी. दिवसाला शंभराच्या वर फायली, म्हणजे एकीला जेमतेम चार मिनिटं. त्यातलं अर्धं मिनिट स्कॅन उघडण्यातच जायचं.

एका आजोबांचा क्लेम आला. खुब्याचं हाड मोडलं होतं. सिस्टिमने नामंजूर म्हटलं, कारण पॉलिसी एप्रिलमध्ये सुरू झालेली आणि ॲडमिशन जानेवारीतलं. मी डिस्चार्ज कार्ड उघडलं, तारीख बघितली, मलाही महिन्याच्या जागी एकच दिसला. क्लिक केलं.

दीड महिन्याने त्यांची मुलगी मूळ कार्ड घेऊन आली. तो पेनने घाईत लिहिलेला सात होता. वरची आडवी रेघ इतकी आखूड की स्कॅनमध्ये ती गेलीच. त्याच फाईलच्या चौथ्या पानावर औषधांचं छापील बिल होतं, त्यावर स्पष्ट जुलै. ते पान मी उघडलंच नव्हतं. ती चिडली नाही. "मॅडम, हे कुणी बघितलं होतं का हो?" एवढंच विचारलं. मी "हो" म्हटलं. तो "हो" अजून माझ्या घशात अडकलेला आहे.

मेमो माझ्या नावाने निघाला. साहेब म्हणाले, "सिस्टिम फक्त सुचवते, अंतिम निर्णय तुमचाच असतो." याच साहेबांनी तीनच आठवड्यांपूर्वी मला बोलावून घेतलं होतं. मी एका दिवसात नऊ फायलींवर सिस्टिमच्या उलट मत दिलं होतं. तेव्हाचे शब्द होते, "टीममध्ये सगळ्यांत जास्त तुम्हीच अडवता. सिस्टिमवर विश्वास ठेवायला शिका." विश्वास ठेवला तर मेमो, नाही ठेवला तर बोलावणं. अशा खुर्चीत बसवलेल्या माणसाला देखरेख करणारा म्हणू नये. चूक झाली की दाखवायला एक नाव हवं असतं, तेवढ्यासाठी तो तिथे असतो.

आता कायद्याचं. युरोपचा जीडीपीआर, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ मध्ये "केवळ" स्वयंचलित प्रक्रियेने घेतलेल्या, माणसावर मोठा परिणाम करणाऱ्या निर्णयांपासून संरक्षण आहे. सगळी पळवाट त्या "केवळ" शब्दात. मध्ये माझ्यासारखी एक क्लिक करणारी बसवली की कंपनी म्हणणार, निर्णय माणसाने घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपच्या न्यायालयाने शूफा या जर्मन पतमापन कंपनीच्या खटल्यात ही वाट बरीच अरुंद केली. कर्ज द्यायचं की नाही हे जर मुख्यतः यंत्राने काढलेल्या गुणांवरच ठरत असेल, तर ते गुण काढणं हाच निर्णय, असं न्यायालयाने धरलं. तो निकाल वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. मी जे साहेबांना सांगत होते तेच तिथे लिहिलेलं होतं.

युरोपचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला. जास्त जोखमीच्या यंत्रणांवर माणसाची देखरेख हवी, यंत्राचं म्हणणं डोळे झाकून मानायच्या सवयीची त्या माणसाला जाणीव हवी, आणि यंत्राचा निकाल बाजूला ठेवता यायला हवा, असं तो म्हणतो. देखरेख करणाऱ्याला ज्ञान, प्रशिक्षण, अधिकार आणि पाठबळ द्या असंही म्हणतो. वेळ हा शब्द त्या यादीत नाही. मला तो सगळ्यांत आधी हवा होता. शिवाय जोखमीच्या यादीत आयुर्विमा आणि आरोग्यविम्याची जोखीम व हप्ता ठरवणं आहे, क्लेम नाकारणं नावाने नाही. माणसाचं कंबरडं मोडतं ते क्लेम नाकारला जातो तेव्हा.

जबाबदार कोण, तर माझ्या मते ज्याने यंत्र कामाला लावलं तो. कॅनडात एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. तो स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असल्यासारखाच तो युक्तिवाद होता. २०२४ मध्ये तिथल्या लवादाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. नवा कायदा न करताही हे होऊ शकलं. म्हणून "आधी कायदा येऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. आणि वाट तरी कशाची बघायची? एआयच्या नुकसानभरपाईसाठी युरोपने वेगळा कायदा प्रस्तावित केला होता, तो मागे घेत असल्याचं २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने सांगून टाकलं.

हे मान्य करायला हवं की मी वकील नाही, देशागणिक नियम बदलतात. यंत्र वाईटच असतं असंही नाही. एकच बिल दोनदा लावलेलं आमची सिस्टिम माझ्यापेक्षा कितीतरी आधी पकडायची. आणि ते चौथं पान न उघडण्यात माझा वाटा होताच, तो मी कुणावर ढकलत नाही.

पण तुम्हाला कुणी अशा खुर्चीत बसवणार असेल तर आधी तीन गोष्टी लेखी मागा: एका फाईलला किती मिनिटं, यंत्राच्या विरोधात जायला किती क्लिक, आणि विरोधात गेलेल्यांचं पुढे काय होतं. रोज किती फायली हातावेगळ्या केल्या याची स्वतःची नोंद ठेवा. मेमोच्या उत्तरात मी माफीच्या चार ओळी लिहिल्या होत्या. त्या दिवशी माझ्यासमोर ११२ फायली आल्या होत्या, हे त्यात लिहायचं राहून गेलं.