ठाणे-नवी मुंबई परिसरातल्या घरच्या आणि पगारी काळजीवाहकांवर माहितीपट करायचा आहे. सुरुवात कुठून करावी आणि संमती कोणाची घ्यावी?

ठाणे-नवी मुंबई परिसरात घरातील रुग्णाची शुश्रूषा करणारे नातेवाईक आणि तेच काम पगारावर करणाऱ्या मावशी या दोघांवर माहितीपट करण्याचा आपला विचार आहे, असे प्रश्नावरून दिसते. माझे सासरे पक्षाघातानंतर चार वर्षे कळव्याच्या आमच्या घरी अंथरुणाला खिळून होते. माझा व्यवसाय संकलनाचा (एडिटिंगचा) असल्यामुळे त्याच काळात मी घरातच एक छोटा माहितीपट केला. त्या अनुभवावरून, त्यातल्या चुकांसह, लिहिते.

सुरुवात मुलाखतींनी करू नये. कॅमेऱ्यासमोर बसवून विचारले की सून म्हणते, "आपलेच माणूस आहे, करायलाच हवे," आणि मावशी म्हणतात, "आजोबा मला वडिलांसारखे." दोन्ही वाक्ये खोटी नसतात, पण ती पाहुणे आल्यावरच फडताळातून निघणाऱ्या कपबश्यांसारखी असतात. त्याऐवजी पाळी बदलण्याची वेळ चित्रित करावी. आमच्याकडे ब्यूरोमार्फत, म्हणजे घरी काळजीवाहक पुरवणाऱ्या संस्थेमार्फत, येणाऱ्या मावशींची पाळी बारा तासांची, आठ ते आठ अशी होती. रात्री आठला दिवसपाळीच्या मावशी रातपाळीच्या मावशींना लघवीच्या पिशवीत किती जमा झाले, नाकातल्या नळीतून शेवटचे पातळ जेवण केव्हा दिले, पोट साफ झाले की नाही आणि शेवटचे कोणत्या कुशीवर वळवले, हे सारे चप्पल पायात सरकवता सरकवता सांगत. अंथरुणावरच्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, त्यामुळे "सातला डाव्या कुशीवर" एवढ्या तीन शब्दांवर पुढच्या रात्रीचे वेळापत्रक ठरत असे.

या सगळ्याची आमच्याकडे एक दोनशे पानी वही होती. तीच माझ्या माहितीपटाचा कणा झाली. तिच्यात दोन्ही मावशींचे अक्षर होते, माझे होते, आणि माझ्या नवऱ्याचे अक्षर फक्त रविवारच्या पानांवर होते, हे मला संकलनाला बसल्यावर प्रथम दिसले. (त्यालाही ते तेव्हाच दिसले.) आपण ज्या घरी जाल तिथे अशी वही, औषधांचा डबा किंवा भिंतीवरचे कॅलेंडर असतेच, त्यावर कोण लिहिते आणि कोण लिहीत नाही, ते आधी पाहावे.

संमतीच्या बाबतीत मात्र मी चुकले. दिवसपाळीच्या मावशी टिटवाळ्याहून येत. मी विचारताच त्यांनी होकार दिला आणि मी कागदावर सही घेतली. ज्या हातातून पगार मिळतो त्या हाताला नाही म्हणणे किती अवघड असते, हे माझ्या ध्यानात आले नाही. माहितीपटाची पहिली कच्ची जुळणी (रफ कट) दाखवली तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ताई, गावाला मी हॉस्पिटलात कामाला आहे असेच ठाऊक आहे. माणसाची घाण काढते, हे सांगितलेले नाही." त्यांचा चेहरा असलेले प्रत्येक दृश्य मी काढून टाकले. उरले ते हात, आवाज आणि वही, आणि सव्वीस मिनिटांचा माहितीपट एकोणीस मिनिटांचा झाला. म्हणून मावशींची संमती मालकिणीसमोर किंवा ब्यूरोमार्फत घेऊ नये. त्यांच्या सोयीने, घराबाहेर, स्टेशनपर्यंत सोबत चालत घ्यावी, आणि जुळणी पाहिल्यानंतरही माघार घेण्याची मुभा लेखी द्यावी. चित्रीकरणासाठी त्यांना सुट्टीच्या दिवशी बोलावत असाल, तर त्या दिवसाची मजुरी द्यावी.

रुग्णाची संमती वेगळी. ज्याला बोलता येत नाही त्याला रोज विचारावे आणि त्याने तोंड फिरवले तर त्या दिवशी कॅमेरा बंद ठेवावा. मुलाने सही केली म्हणून वडिलांची लाज संपत नाही. मानसिक आजारावर उपचार करणाऱ्या संस्थेत, मग ते १९०१पासूनचे ठाण्याचे मनोरुग्णालय असो वा खासगी केंद्र, चित्रीकरणाचा विचार असेल, तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २४ आधी वाचावे. तिथे उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र वा इतर माहिती तिच्या संमतीवाचून माध्यमांना देता येत नाही. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणण्याची चांगली पद्धत मराठीत रुजली आहे. पगारी मावशींना मात्र शुभंकर म्हटलेले मी अद्याप ऐकलेले नाही, आणि माझ्या मते आपल्या माहितीपटाचा खरा विषय या फरकातच आहे.

तांत्रिक बाजू फार अवघड नाही. वन बीएचकेच्या खोलीत पलंग, कमोडची खुर्ची आणि ऑक्सिजनचे यंत्र मांडल्यावर तिपाईला जागा उरत नाही, तेव्हा लहान कॅमेरा आणि कॉलरला लावायचा माइक पुरेसा होतो. हवेच्या गादीच्या पंपाची घरघर नको म्हणून तो बंद करायला सांगू नये. घरातली माणसे वर्षानुवर्षे त्याच आवाजात झोपतात. पहिला आठवडा तर कॅमेरा नेऊच नये. नुसता ध्वनिमुद्रक घेऊन, दोन्ही मावशींना विचारून, पावणेआठ ते सव्वाआठ दाराजवळच्या स्टुलावर बसावे.