वाचकांचे प्रश्न : वर्गाची किल्ली कोणाकडे?

प्रश्न : कामठी मार्गालगतच्या एका वस्तीतील समाजमंदिरात मी निवृत्तीनंतर बारा ते सतरा वर्षांच्या मुलींसाठी संध्याकाळी सहा वाजता वर्ग घेते. सुरुवातीला खोली भरून जात असे. आता मोजक्याच मुली येतात. नेतृत्वगुण वाढावेत म्हणून मी दोन हुशार मुलींना गटप्रमुख नेमले, महिलादिनी त्यांची भाषणेही झाली. मात्र तेव्हापासून बाकीच्या मुली अधिकच मागे सरकल्या आहेत. काय करावे?
— एक निवृत्त शिक्षिका, उत्तर नागपूर

उत्तर : आपण गळती आणि नेतृत्व असे दोन प्रश्न विचारले आहेत, पण दोहोंचे मूळ मला एकच दिसते. या वर्गाविषयीचा एकही निर्णय आजवर मुलींनी घेतलेला नाही. सहाची वेळ आपण ठरवली, विषय आपण ठरवले, प्रमुखही आपणच नेमल्या. ज्या घरातली आई धरमपेठेतील चार घरची धुणी-भांडी आटोपून सात-साडेसातला परतते, त्या घरात सहा वाजता मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळत, कणीक मळत आणि नळाला पाणी येण्याची वाट पाहत असते. अशा मुलीला अभ्यासाची आवड नाही, असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. तेव्हा एक दिवस पुस्तके बाजूला ठेवावीत आणि प्रत्येकीला तिचा आदला दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, कागदावर मांडायला सांगावा. ते कागद शेजारी शेजारी ठेवले की कोणता तास मोकळा आहे, हे मुलीच सांगतील. तो तास कदाचित दुपारचा निघेल, किंवा फक्त रविवारचा. धाकट्या भावंडाला सोबत आणण्याची मुभा दिली, तर काही मुली केवळ तेवढ्यानेही परत येतील; वर्गात थोडा गोंधळ होईल, तो सोसावा.

गटप्रमुखांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. आपण निवडलेल्या दोघी बहुधा आधीच धीटपणे बोलणाऱ्या, आणि घरकामाचा भार तुलनेने कमी असलेल्या असणार. त्यांना व्यासपीठ मिळाले, बाकीच्यांना टाळ्या वाजवण्याचे काम मिळाले. त्याऐवजी खोलीची किल्ली, हजेरीवही आणि खडू-वह्यांसाठीची छोटी रोख रक्कम या तिन्ही गोष्टी मुलींच्या हाती द्याव्यात, आणि दर महिन्याला चिठ्ठी टाकून जबाबदारी बदलावी. अबोल मुलीच्या वाट्याला हिशेब आला की तिला विचारावे लागते, सांगावे लागते, प्रसंगी एखादीला नाही म्हणावे लागते. हिशेब चुकेल, किल्ली हरवेल, एखाद्या दिवशी कुलूपच उघडणार नाही. त्या वेळी आपण धावून जाऊ नये. शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सर्वांत कठीण जाते, याची मला कल्पना आहे.

त्यानंतर एखादे प्रत्यक्ष काम हाती घ्यावे. मुलींनी वस्तीचा नकाशा काढावा : कोणत्या गल्लीतला दिवा बंद आहे, सार्वजनिक शौचालयाला कडी आहे की नाही, शाळेच्या वाटेवर कोणत्या पानठेल्यासमोरून जायला नको वाटते. यातला एकच विषय निवडून निवेदन लिहावे आणि ते महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात मुलींनीच नेऊन द्यावे. नागपुरात असे दहा झोन आहेत. आपला कोणता, हे शोधणे हाही शिक्षणाचाच भाग झाला. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परतू नये, कारण पुढच्या वेळी बोलणे सुरू होते ते त्या शिक्क्यापासून. आपण सोबत जावे, पण बोलणे त्यांच्यावर सोपवावे. एक खबरदारी मात्र अवश्य घ्यावी : विषय टवाळखोर मुलांचा असेल, तर निवेदनावर मुलींची नावे घालू नयेत; ती सही मोठ्यांनी करावी. मुलींना पुढे करून आपण मागे राहणे, याला नेतृत्व म्हणता येणार नाही.

आपला वर्ग कामठी मार्गावर आहे म्हणून एक उल्लेख करतो. उमरेडला जन्मलेल्या, बालपणीच लग्न झालेल्या जाईबाई चौधरी याच नागपूर-कामठी वाटेवर डोक्यावरून ओझी वाहून पोट भरत असत. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी संत चोखामेळ्यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. पुढे २० जुलै १९४२ रोजी याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. स्त्रियांनी किती प्रगती केली यावरून मी समाजाची प्रगती मोजतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे प्रसिद्ध उद्गार तिथलेच. मुलांच्या लग्नाची घाई करू नका, हेही त्यांनी तिथेच बजावले होते. मुलींना दूरच्या थोरांची चरित्रे सांगण्याआधी हे सांगावे. ज्या रस्त्याने त्या रोज जातात, त्याच रस्त्याचा हा इतिहास आहे.

प्रश्न : मी चार घरी स्वयंपाक करते. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. दहावीत ती गणितात आणि इंग्रजीत नापास झाली, तेव्हापासून घरी आहे. आता भंडाऱ्याकडचे एक स्थळ आले आहे आणि तिच्या वडिलांचे मन तिकडे झुकले आहे. मुलीला शिकायचे आहे. मी एकटी कशी थांबवू?
— एक आई, नागपूर

उत्तर : ताई, कायदा तुमच्या बाजूने आहे, हे आधी लक्षात घ्या. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचे वय १८ पूर्ण होण्याआधी लग्न लावता येत नाही. लावले तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि लग्न लावणारे वडीलधारेही त्यातून सुटत नाहीत. हे घरात कोणी भांडून सांगण्यापेक्षा अंगणवाडी सेविकेला किंवा ज्यांचा शब्द तुमचे यजमान मानतात अशा एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला सांगायला लावा. बोलणी पुढे गेलीच, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य फोन करता येतो. शहरात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडेही तक्रार करता येते, आणि ठरलेले लग्न न्यायालयाच्या मनाई हुकुमाने थांबवता येते. तुम्ही एकट्याच अशा प्रसंगात सापडलेल्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले होते.

तरीही केवळ कायद्याच्या धाकाने लग्न दोन वर्षे लांबते आणि मुलगी तेवढा काळ घरातच बसून राहते, असे घडू नये. तिच्या वडिलांची भीती बहुधा तुम्हालाही ठाऊक असेल : आई-बाप दोघेही कामावर, तरुण मुलगी दिवसभर घरी एकटी. या भीतीवर उत्तर शिक्षणाचेच आहे, कारण शिकणारी मुलगी दिवसभर कुठे असते ते घरच्यांना माहीत असते. दोन विषयांत नापास होणे म्हणजे शिक्षण संपणे नव्हे. तिची जुनी गुणपत्रिका घेऊन शाळेत जा आणि राहिलेल्या विषयांसाठी पुनर्परीक्षार्थी म्हणून अर्ज भरा. मुख्य परीक्षेखेरीज जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षाही होते. दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो, तो तिला आताही मिळेल का, हे त्याच भेटीत विचारा. पुस्तकांपेक्षा हातकामाकडे ओढा असेल, तर आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात आणि काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण असले तरी चालते. मात्र स्थळाकडच्यांना ‘दहावी झाल्यावर पाहू’ असे मोघम सांगू नका. ‘अठरा पूर्ण झाल्यावर, आणि तिचा होकार असेल तर’ असे स्पष्ट सांगा.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. वस्तीतल्या आम्ही काही मुली फुटबॉल खेळतो, पण मैदानावर मुले आम्हाला जागा देत नाहीत आणि घरचे म्हणतात, मुलींना खेळून काय मिळणार.
— एक वाचक, दक्षिण नागपूर

उत्तर : घरच्यांना तुझ्याच शहरातले उदाहरण दे. प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेल्या फुटबॉलच्या कामातून ‘स्लम सॉकर’ उभी राहिली. तिथे मुलीही खेळतात आणि २०१६ मध्ये या संस्थेला फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. मैदानाचे भांडण मात्र रोज तोंडी भांडू नका. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांच्याकडून आठवड्यातले ठरावीक दिवस आणि वेळ लेखी मागून घ्या, आणि तो कागद मैदानाजवळच्या फलकावर लावा. पहिले काही आठवडे दोन-तीन आयांनी कडेला येऊन बसावे. त्यांच्यासमोर अरेरावी करणारी मुले थोडी. त्यातली एखादी आई तुझी असेल, तर घरातला प्रश्नही निम्मा सुटेल. तुम्ही ठरलेल्या वेळी गैरहजर राहिलात, तर जागा परत जाईल, हे सगळ्या जणींना आधीच सांगून ठेव. स्पर्धेत उतरायचे असेल, तर प्रत्येकीचा जन्मदाखला आताच काढून ठेवा. वयोगटाच्या सामन्यांत तो मागतात आणि ऐन वेळी तो मिळत नाही.