स्पाइक गार्ड आणि ट्रान्सफॉर्मर लावल्यापासून आरसीसीबी पडतो

प्रश्न: आमच्याकडे सगळ्या घराला मिळून ३० मिलीअँपचा एकच आरसीसीबी (करंट अर्थला गळला की वीज तोडणारा स्विच) आहे. कॉम्प्युटर, टीव्ही आणि फ्रिजला वेगवेगळे स्पाइक गार्ड लावलेत, शिवाय एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर आहे. तो चालू किंवा बंद करताना कधीकधी आरसीसीबी पडतो, दर वेळी नाही. वायरमन म्हणतो आरसीसीबी काढून नुसता एमसीबी (जादा करंट झाला की वीज तोडणारा स्विच) ठेवू. ठेवू का?

उत्तर: नको, अजिबात नको. एमसीबी वायर वाचवतो, शॉक लागल्यावर माणसाला वाचवणारा आरसीसीबीच असतो.

तो काय करतो तर फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का एवढंच बघतो, आणि फरक दिसला की पडतो, म्हणजे वीज तोडतो. ३० लिहिलेलं असलं तरी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडायची त्याला मुभा असते, बरेचसे २०-२५ लाच पडतात. आता स्पाइक गार्डचं कामच मुळी जादा व्होल्टेज अर्थला वाट करून देणं. त्यात फेज ते अर्थ अशी एमओव्ही नावाची चकती असते, बऱ्याच स्पाइक गार्डमध्ये छोटे कपॅसिटरही असतात, आणि कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये तर असतातच. त्यातून सगळं ठीक असतानाही थोडा करंट सतत अर्थला जातो, कॉम्प्युटरसारख्या वस्तूमागे साधारण अर्धा ते एक मिलीअँप धरा. एकट्याने काही होत नाही पण सगळ्या घराची बेरीज एकाच आरसीसीबीवर होते. ही बेरीज ९ मिलीअँपच्या आत ठेवावी. वर गेली की मग छोटासा धक्काही पुरतो.

आणि तो धक्का तुमचा ट्रान्सफॉर्मर देतो. चालू करताना तो क्षणभर नेहमीच्या दहा-पंधरा पट करंट ओढतो. तो न्यूट्रलमधून परत येतो हे खरं, पण आरसीसीबीच्या आतली, दोन्ही करंट ताडून बघणारी रिंग शंभर टक्के समतोल नसते, एवढ्या मोठ्या करंटला तिला थोडा खोटा फरक दिसू शकतो. बटण दाबलं तेव्हा व्होल्टेजची लाट कुठे होती यावर हा करंट ठरतो, म्हणूनच कधी पडतो कधी नाही. बंद करताना उलटं होतं, ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी कोअरमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं, व्होल्टेजचा टोकदार झटका निघतो आणि शेजारचा स्पाइक गार्ड तो इमानदारीत अर्थला सोडतो. आरसीसीबीला ते लिकेजच, म्हणजे गळतीच दिसते.

आता शोधायचं कसं, तर सगळे प्लग उपसून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही कारण न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग एकेक लावत जा. वायरमनकडे लिकेज क्लँप मीटर असेल तर मेन बंद करून फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र त्याच्या जबड्यात घ्यायच्या, मग चालू करायचं, जो आकडा दिसेल ती गळती.

मी एकदा असाच सतत त्रास देणारा जुना स्पाइक गार्ड उघडला होता, आतली निळी चकती एका कडेने काळी पडून फुगलेली. झटके खाऊन खाऊन एमओव्ही थकतो आणि रोज जास्त गळायला लागतो, तो सरळ बदलायचा.

कायमचा उपाय विचाराल तर एकाच आरसीसीबीवर सगळं घर टाकू नका, सॉकेटचे दोन-तीन भाग करून प्रत्येकाला वेगळा ३० चा द्या, इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी टाइप ए चा (त्यांच्यातली डीसी धक्क्यांची गळतीही ओळखणारा) घ्या. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे सगळ्या घराचा मिळून एक स्पाइक गार्ड, मेन बोर्डात आरसीसीबीच्या आधी बसवला तर त्याचा अर्थला गेलेला करंट आरसीसीबीतून जातच नाही. ट्रान्सफॉर्मरला सॉफ्ट स्टार्ट (चालू करतानाचा करंट आवरणारं सर्किट) लावून घ्या. उगाच पडतो म्हणून सॉकेटवर १०० किंवा ३०० मिलीअँपचा मात्र लावू नका, तो शॉकपासून वाचवायला नसतोच.

वायरमन मेगर (वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावणार असेल तर आधी स्पाइक गार्ड काढायला सांगा, ५०० व्होल्टला एमओव्ही स्वतःच वाहायला लागतो आणि चांगली वायरिंगही खराब दिसते. आणि सगळे प्लग काढूनही आरसीसीबी पडत असेल तर मग वायरिंगमध्येच कुठेतरी ओल आहे किंवा न्यूट्रल अर्थला चिकटलाय, ते त्याच दिवशी बघून घ्या.